कुंडीतली मिरची: बी पेरण्यापासून पहिल्या तोड्यापर्यंत

घरी मिरची लावून पाहणाऱ्या बहुतेकांचा अनुभव सारखाच असतो. रोप महिनाभर तरारून वाढते, पहिली कळी दिसते, घरातल्या सगळ्यांना ती दाखवून होते, आणि त्यानंतर आठवड्याभरात शेंड्याची पाने आक्रसू लागतात. मग कोणी ताक घालायला सांगते, कोणी हळदीचे पाणी, कोणी दुकानातून एखादे औषध आणून देते, आणि हे सगळे करूनही झाड काही सावरत नाही. पुण्यात गच्चीवर मिरची लावायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या दोन हंगामांत माझी अठरापैकी तेरा रोपे अशीच गेली. पान वर वळले आहे की खाली, हे न पाहताच मी फवारणी करत होते, ही त्या वेळची माझी खरी चूक होती. या लेखात बी निवडण्यापासून तोडणीपर्यंतची सगळी कामे क्रमाने दिली आहेत. मात्र पानांच्या तपासणीविषयी मी मुद्दाम अधिक विस्ताराने लिहिले आहे, कारण झाड राहते की जाते ते बहुतांशी तिथेच ठरते.

वाण कोणता घ्यावा

मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि पुढे प्रत्येक मुलखाने आपल्या मातीला व स्वयंपाकाला जुळेल अशी मिरची घडवली. काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर येणारी खोला मिरची, हावेरी जिल्ह्यातली सुरकुतलेली, गडद रंगाची आणि तिखटाला सौम्य अशी ब्याडगी, कोल्हापूरकडच्या मसाल्यात लागणारी संकेश्वरी, नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी, या सगळ्या नामांकित मिरच्या आहेत. ब्याडगीला २०११ मध्ये आणि खोला मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु या मुख्यतः लाल करून वाळवण्याच्या मिरच्या आहेत आणि त्यांचे गुण त्या त्या जागेशी बांधलेले आहेत. चार-सहा कुंड्यांतून वर्षाचा मसाला निघत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी रोजच्या फोडणीला आणि ठेच्याला लागणारी हिरवी मिरचीच लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिरव्या मिरचीसाठी पुसा ज्वाला हा वाण नवख्यांना सोयीचा पडतो. त्याचे झाड बुटके आणि पसरट असते, मिरची लांब, बारीक, किंचित सुरकुतलेली आणि फिकट हिरवी असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले ज्योती या वाणाला चार-पाच मिरच्यांचे घोस लागतात, आणि पंत सी-१ या वाणाच्या मिरच्या आकाशाकडे तोंड करून उभ्या राहतात, त्यामुळे कुंडीत तो दिसायलाही देखणा असतो. कोकणातील दमट हवेत राहणाऱ्यांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण कीर्ती हा वाण मिळाल्यास अवश्य लावावा. भज्यांसाठी जाड, कमी तिखट भावनगरी मिरची हवी असेल तर तिचे एखादे रोप बाजूला लावता येते. ढोबळी मिरची मात्र पहिल्या वर्षी टाळावी. उष्णता जरा वाढली की तिची फुले गळतात आणि हाती काही न लागल्याने उत्साह मावळतो.

स्वयंपाकघरातल्या सुक्या मिरचीचे बी पेरले तर चालते का, असे मला नेहमी विचारले जाते. मिरची त्याच वर्षीची, उन्हात वाळवलेली असेल तर बी उगवते. पण ती कोणत्या वाणाची आहे, संकरित आहे का, हे कळत नाही, आणि संकरित मिरचीच्या बियांपासून आईसारखेच झाड येईल याची खात्री नसते. बियाण्याचे छोटे पाकीट फार महाग नसते. ते घ्यावे आणि त्यावरची तारीख वाचून घ्यावी.

केव्हा पेरावे

महाराष्ट्रात मिरची वर्षातून तीन वेळा लावता येते. मेअखेरीस रोपे टाकून जून-जुलैत लावणी, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात रोपे टाकून ऑक्टोबरात लावणी, आणि जानेवारीत रोपे टाकून फेब्रुवारीअखेरीस लावणी. नवीन माणसाने यांतला दुसरा हंगाम धरावा. पाऊस ओसरल्यामुळे मुळे कुजण्याची भीती कमी होते, ऊन स्वच्छ मिळते, आणि झाड फुलावर येते तेव्हा हवा मिरचीला मानवणारी असते. पावसाळी लावणीत बुरशी सतावते, तर उन्हाळी लावणीत फुलकिडे आणि कोळी या रस शोषणाऱ्या बारीक किडी. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात एप्रिल-मेचे ऊन इतके कडक असते, की झाड जगले तरी फुले टिकत नाहीत. पारा ३५ अंशांच्या वर जाऊ लागला की मिरची फुले गाळू लागते, ही तिची प्रकृतीच आहे.

रोपे तयार करणे

बी कोमट पाण्यात सहा ते आठ तास भिजवावे, निथळून घ्यावे आणि त्याला चिमूटभर ट्रायकोडर्माची पावडर चोळावी. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी कृषी सेवा केंद्रात सहज मिळते आणि रोपे कोलमडवणाऱ्या बुरशीला ती वाढू देत नाही. पेरणीसाठी रोपांचा ट्रे वापरावा. तो नसल्यास तळाला भोक पाडलेले कागदी पेलेही चालतात. त्यात निम्मे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि निम्मे चाळलेले गांडूळखत भरावे. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते दोन वेळा धुऊन, पिळून घ्यावे, कारण त्यात मिठाचा अंश असतो आणि कोवळ्या मुळांना तो बाधतो.

एका कप्प्यात दोन बिया अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाकाव्यात, वरून हलकेच कोकोपीट भुरभुरावे, आणि नळीने किंवा मगाने पाणी न ओतता फवाऱ्याने ओलावा द्यावा. सात ते बारा दिवसांत अंकुर वर येतात. थंडीत आणखी काही दिवस लागतात. अंकुर दिसेपर्यंत ट्रे सावलीत झाकून ठेवला तरी चालतो, पण पहिला हिरवा ठिपका दिसला त्याच दिवशी तो सकाळच्या उन्हात आणावा. हे एक-दोन दिवस जरी लांबले, तरी रोपे उजेडाच्या शोधात लांबुडकी, पांढुरकी होतात, आणि अशी रोपे पुढे कधी ठणठणीत होत नाहीत.

या अवस्थेत रोपे जातात ती बहुधा जास्त पाण्याने. काल ताठ उभे असलेले रोप सकाळी आडवे पडलेले दिसते. जवळून पाहिले तर मातीलगतची काडी दोऱ्याने आवळल्यासारखी बारीक आणि तपकिरी झालेली असते. याला रोप कोलमडणे म्हणतात, आणि आडवे पडलेले रोप वाचत नाही. शेजारची रोपे वाचवण्यासाठी दोन दिवस पाणी थांबवावे, ट्रेला वारा लागेल असे पाहावे आणि पुढे वरची माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नये.

बीतून आधी निघणाऱ्या दोन दलांनंतर दोन खऱ्या पानांची जोडी आली की प्रत्येक कप्प्यात एकच सशक्त रोप ठेवावे. दुसरे उपटू नये, कात्रीने मातीलगत कापावे, म्हणजे शेजारच्याची मुळे हलत नाहीत. या काळात ट्रेवर पातळ, घट्ट विणीचे कापड तंबूसारखे ताणून ठेवावे. जुनी मलमलची ओढणी यासाठी उत्तम. मच्छरदाणीची जाळी चालत नाही, कारण पांढरी माशी त्या छिद्रांतून सहज आत शिरते, आणि मिरचीचा सर्वांत वाईट रोग तीच घेऊन येते.

रोपवाटिकेतून तयार रोपे आणायची असतील तर पिशवीतले सर्वांत उंच रोप उचलण्याचा मोह आवरावा. बोटाएवढ्या उंचीचे, जाडसर काडीचे, गडद पानांचे, अजून कळी न आलेले रोप निवडावे. एकदा मी घाईने बारा रोपे आणली आणि पाने उलटून पाहिली नाहीत. प्रत्येक पानाखाली पांढरी माशी होती आणि ती घरातल्या टोमॅटोवरही गेली.

तंबाखू मळण्याची सवय असलेल्यांनी रोपांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात स्वच्छ धुवावेत. तंबाखू आणि मिरची एकाच कुळातल्या आहेत, आणि तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातांवाटे मिरचीच्या रोपात जाऊ शकतो. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या माळीकाकांना मी हे कारणासह सांगितले, तेव्हापासून ते आधी बादलीकडे जातात आणि मगच कुंडीकडे.

कुंडी आणि माती

एका झाडाला किमान १२ इंच रुंद आणि तितकीच खोल कुंडी हवी. आठ इंची कुंडीत झाड जगते, पण दुपारी रोज माना टाकते आणि मिरच्या मोजक्याच देते. मातीची कुंडी, जुनी बादली, ग्रो बॅग, काहीही चालेल. तळाला चार-पाच भोके हवीत आणि कुंडी विटांवर उचलून ठेवलेली हवी, म्हणजे पाणी खाली साचत नाही. काळ्या रंगाचे प्लास्टिक गच्चीवर उन्हात फार तापते. त्याभोवती गोणपाट गुंडाळावे.

मातीचे माझे प्रमाण असे आहे: चार भाग चांगली पोयट्याची किंवा लाल माती, तीन भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट आणि एक भाग भाताचे तूस किंवा जाडसर वाळू. त्यात कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड आणि चमचाभर ट्रायकोडर्मा मिसळावा. नुसती काळी माती कुंडीत भरू नये. ती पाणी धरून ठेवते, सुकली की भेगा पडतात आणि मुळे तुटतात. शेणखत पूर्ण कुजलेले हवे, हे मी पुन्हा सांगते. हाताला कोरडे, भुसभुशीत लागेल आणि शेणाचा वास येणार नाही, असेच ते असावे. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि मुळे कुरतडतात.

गेल्या हंगामात ज्या मातीत टोमॅटो, वांगे, बटाटा किंवा मिरची होती, ती माती लगेच मिरचीला वापरू नये. ही सारी एकाच कुळातली पिके असल्याने त्यांचे मातीतले रोगही सारखेच असतात. त्या मातीत एक हंगाम मेथी, कोथिंबीर किंवा घेवडा घ्यावा. एप्रिल-मेमध्ये ओलसर माती पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे कडक उन्हात तापवली, तर त्यातल्या बुरशी आणि किडींच्या अवस्था बऱ्याच अंशी मरतात.

ज्यांच्याकडे अंगण किंवा परसबाग आहे, त्यांनी जमिनीपेक्षा वीतभर उंच गादीवाफा करून दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. मोरीचे साबणाचे पाणी अळूला आणि केळीला सोडले जाते, तसे मिरचीला सोडू नये.

लावणी

रोप चार ते सहा आठवड्यांचे, साधारण १२ ते १५ सेंटिमीटर उंच आणि पाच-सहा पानांचे झाले की लावणीयोग्य होते. त्याआधी आठवडाभर त्याला उन्हाची सवय करावी: पहिल्या दिवशी सकाळचा एक तास, मग दोन, मग अर्धा दिवस. लावणी संध्याकाळी करावी. मुळांभोवतीचा गोळा न फुटता रोप काढावे, ट्रेमध्ये ज्या खोलीवर होते साधारण त्याच खोलीवर लावावे, कडेची माती बोटांनी हलकेच दाबावी आणि भरपूर पाणी द्यावे. त्याच वेळी शेजारी हातभर काठी रोवून ठेवावी. नंतर रोवली तर मुळांना इजा होते. पहिले तीन दिवस दुपारचे ऊन टाळावे.

कुंडीची जागा अशी असावी, की झाडाला रोज किमान सहा तास थेट ऊन मिळेल. पूर्वेकडची गॅलरी चालते. उत्तरेकडच्या गॅलरीत झाड हिरवेगार दिसेल पण मिरच्या देणार नाही, आणि त्यावर खताचा उपाय नाही. मार्चनंतर दुपारी दोनपासून हिरव्या शेडनेटची सावली करावी.

पाणी आणि खत

पाणी रोज किती द्यावे, याचे मापात उत्तर देता येत नाही. मातीत तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत घालावी. कोरडे लागले तर कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. ओलसर लागले तर देऊ नये. थंडीत हे दोन-तीन दिवसांनी होते, उन्हाळ्यात रोज, आणि मेमध्ये कधी दोनदा. दुपारी एकच्या सुमारास पाने मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नये. संध्याकाळी ती आपोआप ताठ झाली तर ती केवळ उन्हाची धग होती. सकाळी सातलाच पाने मलूल असतील तर मात्र बोट घालून पाहावे. मातीवर वाळलेला पाला, उसाचे पाचट किंवा नारळाचा काथ्या दोन इंच पसरावा, म्हणजे ओल टिकते.

पाण्यात अनियमितपणा झाला की त्याची खूण फळावर उमटते. मिरचीचे टोक किंवा बाजू पांढरट, मग तपकिरी आणि पातळ कातड्यासारखी होते. फळाला कॅल्शियम न पोहोचल्याचे हे लक्षण आहे. पण मातीत कॅल्शियम असूनही ते पाण्यावाटेच फळापर्यंत जाते, आणि पाणीच कधी भरपूर तर कधी नाही असे असेल, तर अंड्याची टरफले घालून काही लाभ होत नाही. टरफले कुजायला महिने लागतात.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. लावणीनंतर तीन आठवड्यांनी कुंडीमागे दोन मुठी गांडूळखत, त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी तेवढेच, आणि फुले लागायच्या सुमारास एक मूठ निंबोळी पेंड. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेले द्रव खत) करत असाल तर त्याच्या एका भागात दहा भाग पाणी मिसळून पंधरवड्यातून एकदा द्यावे. युरिया घालू नये. त्यातले नत्र (नायट्रोजन) जास्त झाले की झाड पानांनी भरते, पाने कोवळी आणि लुसलुशीत होतात, फुले कमी येतात, आणि त्या लुसलुशीत पानांवर मावा धावून येतो.

झाड वीतभर उंच होण्याआधी आलेल्या पहिल्या दोन-चार कळ्या खुडून टाकाव्यात. नवख्यांना हे जड जाते, मलाही जाते. परंतु त्या बळावर झाड मुळे आणि फांद्या वाढवते आणि पुढे कितीतरी अधिक फुलते. मिरचीचे खोड एका उंचीवर आपणहून दोन फांद्यांत फुटते. त्या बेचक्याच्या खालचे कोंब काढून टाकावेत, म्हणजे बुंध्याशी हवा खेळती राहते.

पाने वळू लागली तर

मराठीत या साऱ्या आजाराला चुरडा-मुरडा म्हणतात, शेतकरी बोकड्याही म्हणतात, आणि एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येत असल्यामुळे उपाय चुकतो. म्हणून झाडाजवळ बसून, शेंड्याचे पान हातात घेऊन पाहावे. दहापट मोठे दाखवणारे भिंग मिळाल्यास फारच चांगले. ते स्वस्त असते आणि बागकामातले माझे सर्वांत उपयोगी साधन तेच आहे.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल, तर ते फुलकिड्यांचे काम समजावे. खात्री करण्यासाठी फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर दोन टिचक्या माराव्यात. कागदावर मिलिमीटरभर लांबीचे, पिवळसर, तिळाच्या तुकड्याएवढे किडे पळताना दिसतात. ते पान खरवडून रस शोषतात, त्यामुळे पानाच्या मागे चंदेरी, खरखरीत चट्टे पडतात. ते फुलांतही लपतात, आणि त्यांची एक अवस्था मातीत जाते. म्हणून एका फवारणीने काम भागत नाही. पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीनदा फवारावे लागते आणि वरची माती हलवून त्यावर पाला पसरावा लागतो.

पानाच्या कडा खालच्या बाजूला वळून पान उलट्या होडीसारखे झाले असेल, पान अरुंद, जाडसर आणि ठिसूळ लागत असेल आणि त्याचा देठ नेहमीपेक्षा लांबलेला असेल, तर तो कोळी आहे. हा कोळी म्हणजे जाळे विणणारा कोळी नव्हे. तो इतका सूक्ष्म असतो, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भिंगाखाली पानामागच्या शिरेलगत पिवळट, पारदर्शक ठिपके सरकताना दिसतात. कोळ्यावर पाण्यात विरघळणारे गंधक, लिटरमागे दोन ग्रॅम, चांगले लागू पडते. फुलकिड्यांवर त्याचा फारसा उपयोग नसतो, आणि पान न पाहता फवारणी का फसते ते इथे लक्षात येईल. गंधक भर उन्हात आणि ३५ अंशांच्या वरच्या तापमानात फवारू नये, आणि निंबोळी तेल फवारल्यानंतर दोन आठवडे तरी वापरू नये, पाने भाजतात.

तिसरा प्रकार विषाणूचा. यात पाने नुसती वळत नाहीत. ती लहान राहतात, चुरगळल्यासारखी होतात, शिरा जाड दिसतात, दोन पानांमधले अंतर कमी होऊन शेंड्याला पानांचा गुच्छ होतो आणि झाडाची वाढ थांबते. पान हलवले की खालून पांढऱ्या माश्यांचा थवा उडाला, तर शंका उरत नाही. यावर औषध नाही. ताक, हळद, दुकानातले महागडे औषध, यांतले काहीही झाडात शिरलेला विषाणू बाहेर काढत नाही. पहाटे, माश्या सुस्त असताना, झाडावर प्लास्टिकची पिशवी घालून ते मुळासकट उपटावे आणि पिशवीचे तोंड बांधून कचऱ्यात द्यावे. जिवापाड जपलेले झाड उपटणे फार वाईट वाटते, पण ते दोन आठवडे राहिले तर बाकीची सगळी जातात. हा विषाणू मातीतून पसरत नाही, त्यामुळे माती टाकून देण्याची गरज नसते.

प्रतिबंधासाठी लावणीच्या दिवसापासून कुंड्यांजवळ पिवळा आणि निळा चिकट सापळा टांगावा. पिवळ्यावर पांढरी माशी आणि मावा चिकटतात, निळ्यावर फुलकिडे. दर आठ-दहा दिवसांनी निंबोळी तेल फवारावे: एक लिटर कोमट पाण्यात एक-दोन मिलिलिटर सौम्य द्रवसाबण आधी ढवळावा, मग पाच मिलिलिटर तेल घालून पाणी दुधाळ होईपर्यंत हलवावे. घरी करायचे असल्यास ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून सकाळी फडक्याने गाळून घ्यावी आणि तो अर्क त्याच दिवशी वापरावा. फवारणी ऊन उतरल्यावर करावी आणि पानांच्या मागच्या बाजूला करावी, कारण किडे तिथेच असतात. वरून पाने ओली करून समाधान मानू नये.

मावा मात्र सोपा आहे. शेंड्यावर हिरवे-काळे किडे दाटीने बसलेले दिसतात आणि त्यांच्याभोवती मुंग्यांची ये-जा असते. पाईपच्या पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारला की तो बहुतेक जातो.

झाड अचानक कोमेजले तर

हिरवेगार झाड एक-दोन दिवसांत, पाने पिवळी न पडताच माना टाकते आणि पाणी देऊनही उठत नाही, तेव्हा मर रोगाचा संशय घ्यावा. कोकणात आणि गोव्यात जिवाणूंमुळे होणारी मर बरीच आढळते. ती ओळखण्याची सोपी रीत आहे: बुंध्याजवळची काडी तिरकी कापून तिचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात लोंबता धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागा पाण्यात उतरताना दिसला, तर जिवाणूच आहेत. झाड आणि माती दोन्ही बाहेर काढावीत, कुंडी घासून उन्हात वाळवावी आणि त्या मातीत मिरचीच्या कुळातले काहीही लावू नये.

फुले आणि तोडणी

लावणीनंतर पाच-सहा आठवड्यांत फुले येतात. मिरचीच्या फुलात स्वतःचाच पराग पुरतो, परंतु गॅलरीत वारा आणि मधमाश्या कमी असतात, म्हणून सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान फांदीला हलकी टिचकी मारावी. थोडी फुले गळणारच. सगळीच गळत असतील तर उष्णता, अपुरे ऊन, जास्त नत्र किंवा पाण्याची हेळसांड, यांपैकी कारण शोधावे.

लावणीपासून साधारण ६० ते ७५ दिवसांत पहिला हिरवा तोडा मिळतो. मिरची गडद, चकचकीत आणि दाबल्यावर टणक लागली की देठासकट कात्रीने कापावी. ओढली तर फांदी मोडते. आठवड्यातून एकदा तरी तोडा करावा. मिरच्या झाडावर लाल होऊ दिल्या की नवी फुले कमी येतात, आणि लाल मिरची बुलबुलांना तिखट लागत नसल्यामुळे ते ती आवडीने नेतात. तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला लागतात त्या शिरेत असतो. तो तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून मिरच्या चिरल्यावर हात आधी खोबरेल तेलाने चोळून मग साबणाने धुवावेत.

बहर ओसरला की झाड उपटू नये. वरचा एक-तृतीयांश भाग छाटावा, वरची दोन इंच माती काढून गांडूळखत भरावे आणि पंधरा दिवस पाणी बेताने द्यावे. आपल्याकडच्या हवेत झाड असे दोन, कधी तीन वर्षे मिरच्या देते. माझ्याकडच्या एका पुसा ज्वालाला तिसरे वर्ष चालू आहे आणि तिचा बुंधा अंगठ्याएवढा जाड, लाकडासारखा झाला आहे.

बी धरायचे असेल तर सर्वांत निरोगी झाडावरच्या, दुसऱ्या-तिसऱ्या बहरातल्या दोन मिरच्या पूर्ण लाल होऊ द्याव्यात आणि बुलबुलांपासून वाचवण्यासाठी त्यांवर मलमलची छोटी पिशवी बांधावी. शेजारी भावनगरी असेल तर परागांची सरमिसळ होऊन बियांत भेसळ होऊ शकते. त्यासाठी पिशवी कळी असतानाच बांधावी आणि फळ धरल्यावर देठाला रंगीत दोरा बांधून खूण ठेवावी. मिरच्या सावलीत वाळवाव्यात, बी काढावे, चिमूटभर कोरडी चाळलेली राख लावून कागदी पुडीत बांधावे आणि पुडीवर वाणाचे नाव व महिना लिहावा. असे बी कोरड्या, थंड जागी दोन वर्षे चांगले उगवते.